मी, मार्गारेट
(२२ मे १९०९ – ३० नोव्हेंबर १९८८). ॲमेझॉन खोऱ्यातील वनस्पतींची चित्रे काढणाऱ्या इंग्रज चित्रकर्त्री. जन्म इंग्लंडमधील चेशम येथे. लंडनच्या कॅम्बरवेल कलाशाळेत व्हिक्टर पॅस्मोर यांच्या हाताखाली शिक्षण. १९५२ मध्ये पती ग्रेव्हिल यांच्यासह ब्राझीलला प्रयाण. साओ पाउलो येथे काही काळ कलाशिक्षिका. १९५६ ते १९८८ या काळात त्यांनी ॲमेझॉनच्या १५ मोहिमा केल्या.

जंगलतोडीविरुद्ध जाहीरपणे बोलणाऱ्या चित्रकर्त्री म्हणून त्यांचा उल्लेख होतो. तथापि वनसंरक्षणाशी त्यांच्या कलेचे नाते खरे जुळते ते चित्राच्या मांडणीत. वनस्पतिचित्रात झाड कोऱ्या कागदावर एकटे दाखवण्याची रूढी आहे. ओळख पटवायला ती सोयीची; पण झाड कशाच्या आधाराने जगते, हे त्यातून कळत नाही. मार्गारेट यांची सुरुवातीची चित्रे याच रूढीतली आहेत. उत्तरकाळात मात्र फुलामागे पाण्यात उभी खोडे, वेली आणि अंधारी झाडी येऊ लागली. यावर शास्त्रीय आक्षेप असा, की पार्श्वभूमीमुळे बारकावे झाकोळतात. त्यांची वह्यांतील कच्ची रेखाटने पाहता हा आक्षेप टिकत नाही. मापे आणि रंगांच्या नोंदी त्या जागेवर, जिवंत वनस्पती समोर ठेवून घेत; पक्के चित्र नंतर अपारदर्शक जलरंगांत होई. अननसाच्या कुळातील ब्रोमेलियांबाबत तर हे काम अपरिहार्यच होते. दाबून वाळवलेल्या नमुन्यात या वनस्पतींचा रंग उडतो, पानांचा घेर चपटा होतो. अमेरिकन तज्ज्ञ लायमन स्मिथ यांनी नेओरेगेलिया मार्गारेटी या जातीला त्यांचे नाव दिले, ते उगाच नव्हे.

या मांडणीचे उत्तम उदाहरण म्हणजे सेलेनिसेरेअस विट्टी हा निवडुंग. पुराच्या पाण्यात महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या जंगलात तो वाढतो. त्याच्या पानासारख्या चपट्या फांद्या यजमान झाडाच्या खोडाला चिकटलेल्या असतात. लांब नळीचे पांढरे फूल रात्री उमलते आणि सकाळपर्यंत कोमेजते. परागीभवन लांब सोंडेच्या पतंगांकडून होते, तर बिया पाण्यावर तरंगत पसरतात. अर्थात यजमान झाड, पूर आणि पतंग यांतले एक जरी गेले तरी हे फूल संपले. अनेक वर्षांच्या शोधानंतर मे १९८८ मध्ये रिओ नेग्रोवर मार्गारेट यांनी ते विजेरीच्या उजेडात, उमलत असतानाच रेखाटले. त्या वेळी त्यांचे वय ७९ च्या घरात होते. कोऱ्या कागदावर हे सगळे परस्परावलंबन मांडायला जागाच नव्हती. झाडीची पार्श्वभूमी ही या चित्रात शोभा नसून माहिती आहे. चित्रांनी जंगलतोड थांबली नाही, हा दुसरा आक्षेप. तो खराच आहे आणि जंगल वाचवण्यात चित्रांचा वाटा नेमका किती, हे ठरवणे अवघड. पण ज्या जागा पुढे जाळल्या वा तोडल्या गेल्या, तिथे काय होते याची विश्वसनीय नोंद असणे, हेही संरक्षणाच्या कामाचेच अंग मानावे लागते.

ग्रंथ : ‘फ्लॉवर्स ऑफ द ब्राझिलियन फॉरेस्ट्स’ (१९६८), ‘इन सर्च ऑफ फ्लॉवर्स ऑफ द ॲमेझॉन फॉरेस्ट्स’ (१९८८). चित्रसंग्रह लंडनच्या क्यू उद्यानात. १९९४ च्या रिओ कार्निव्हलमध्ये बेजा-फ्लोर या सांबापथकाने त्यांच्यावर मिरवणूक काढली. इंग्लंडमध्ये मोटार अपघातात मृत्यू.