स्टेशनची मागची भिंत

१६७६ भागिले ८७ म्हणजे १९.२६. या एका भागाकाराने माझं नागपूर स्टेशन बुडवलं.

मॉडेल रेल्वेत सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण म्हणजे १:८७, त्याला एचओ म्हणतात. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी १९९८ मध्ये सुरू केलेलं मिनिएचर रेल्वे म्युझियम याच प्रमाणातलं आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिथे गेलो. सगळे गाड्या बघत होते, मी सर्कशीचा तंबू आणि घरं बघत बसलो. तेव्हाच ठरवलं, आपण नागपूर स्टेशन करायचं. गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी १५ जानेवारी १९२५ ला उद्घाटन केलेली, सावनेरच्या दगडातली ती इमारत.

पण एचओचे तयार रूळ १६.५ मिमी अंतराचे असतात. ते युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजचं माप. आपल्या ब्रॉडगेजला १९.२६ हवेत. म्हणजे इमारतीचा दगड न् दगड बरोबर केला तरी समोरचा रूळ पावणेतीन मिमी खोटा. बरेच जण ही तडजोड करतात. मला काही ते पचेना.

वैतागून कॅल्क्युलेटरवर ७६२ टाकलं. अडीच फुटी नॅरोगेज, आमच्याकडची छोटी लाइन. उत्तर आलं ८.७६, आणि बाजारात ९ मिमीचे रूळ सहज मिळतात. फरक फक्त पाव मिमीचा!

छोटी लाइन नागपूरची जुनी ओळख. बंगाल-नागपूर रेल्वे ही १८८७ ची कंपनी. तिची मोठी लाइन ब्रॉडगेज होती, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सातपुड्यात आणि नागपूरच्या आसपास तिचं नॅरोगेजचं जाळं पसरलं. हलके रूळ, तीव्र वळणं, कमी मातीकाम. जंगल आणि कोळशाच्या मुलखात हे स्वस्त पडायचं. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज २०१५ मध्ये बंद झाली, इतवारी-नागभीड नोव्हेंबर २०१९ मध्ये. दोन्ही ब्रॉडगेज करण्यासाठी. इंजिनं बघायची तर मोतीबागचं नॅरोगेज म्युझियम आहे, २००२ पासून. इंजिन ओढून नेता येतं. स्टेशनची इमारत कुठे नेणार?

म्हणून मी नागभीड लाइनवरचं एक छोटं स्टेशन घेतलं, आजीच्या माहेरचं. नाव सांगत नाही. माझ्या चुकांचा बोल गावाला नको.

नकाशा नव्हता, फोटो होते. फोटोत मोजपट्टी नसते, पण रूळ असतात, आणि त्यांच्यातलं अंतर ७६२ मिमी हे पक्कं. अडचण एवढीच की इमारत रुळांच्या मागे असते, त्यामुळे लहान दिसते. एका फोटोत कोपऱ्यावरचं प्लास्टर पडलेलं सापडलं, आत विटा. जुनी वीट साधारण ९ इंच, १:८७ मध्ये २.६ मिमी. विटांचे थर मोजत भिंतीची उंची काढली, दाराशी ताडून पाहिली. भिंती कार्डशीटच्या, कवेलू थ्रीडी प्रिंटरवर. पहिले कवेलू लाडवासारखे फुगले, ते असो.

तीन भिंती झाल्या आणि अडकलो. मला मिळालेले जवळजवळ सगळे फोटो शेवटच्या काही वर्षांतले, प्लॅटफॉर्मच्या बाजूने काढलेले. साहजिक आहे, लोक गाडीचा फोटो काढत होते, स्टेशन मागे आपोआप आलं. मागची भिंत एकाही फोटोत नाही. लेख लिहिताना असली जागा एका वाक्यात टाळता येते. मॉडेलला चार भिंती लागतात.

मी ती कोरी ठेवून आजीला दाखवलं. तिने डबा उचलावा तसं स्टेशन उचललं आणि फिरवलं.

"इकडे काहीच नाही काहून? आम्ही त इकडूनच येत होतो."

बैलगाडी मागे थांबायची. मिरचीची पोती तिथेच उतरायची, गाडी येईपर्यंत बायका भिंतीच्या सावलीत बसायच्या. मी दहा फोटो झूम करून शोधत होतो ती बाजू तिच्यासाठी स्टेशनचं तोंड होती. खिडक्या किती? "दोन." रात्री फोनवर तिच्या भावाला विचारलं. तो म्हणाला, एकही नव्हती, टिनाचं शेड होतं. आजी म्हणाली, शेड नंतरचं. तो म्हणाला, हिचं लग्न होऊन ही गेली, हिला काय माहीत.

कदाचित दोघंही बरोबर असतील, वर्षं वेगळी. मी रूळ २०१९ चे धरले होते, रंग फोटोतला, आणि आजी सांगत होती ते तिच्या लग्नाआधीचं. म्हणजे माझं मॉडेल नेमकं कोणत्या सालचं, हेच मी ठरवलं नव्हतं. पाव मिमीसाठी भांडणाऱ्या माणसाने पन्नास-साठ वर्षांची चूक केली होती.

आता मागच्या भिंती दोन आहेत, चुंबकाने बसतात. सध्या दोन खिडक्यांची लावली आहे. दिवाळीला आजीचा भाऊ येतोय, तेवढे दिवस शेडवाली लावीन.