गणवेशाचं माप घेतलं कोणी?

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत नया नगरमधल्या एखाद्या टोपीच्या दुकानासमोर उभे राहून बघा. विणलेली टोपी असेल तर दुकानदार फार विचारत नाही, ती ताणली जाते. कडक काठाची असेल तर टेप निघते. भुवयांच्या वर, कानांच्या वरून, मागच्या फुगवट्यावरून एक फेरा. गांधी टोपीचंही तेच. फेटा बांधणाऱ्या आपल्या पणजोबांना हा प्रश्नच नव्हता. बाराबंदीलाही नव्हता, बंद सैल केले की झालं. नंबर आला तो आधीच शिवून ठेवलेल्या कपड्यांबरोबर.

आणि नंबर काही आभाळातून पडत नाही. आधी माणसं मोजावी लागतात. अमेरिकेत यादवी युद्धात (१८६१-६५) सैनिकांचे ढीगभर गणवेश शिवताना ठरावीक मापं पुन्हा पुन्हा येतात हे लक्षात आलं, त्यातून पुरुषांचे तयार साइज निघाले. १९३९-४० मध्ये तिथल्या कृषी खात्याने जवळपास १५ हजार बायकांची मापं घेतली. आपल्याकडे सरकारने ‘इंडियासाइज’ जाहीर केलं २०१८ मध्ये. काम निफ्टकडे, मुंबई धरून सहा शहरं, २५ हजार माणसं. तोवर बाहेरच्या तक्त्यांत कमीजास्त करून चाललं होतं. म्हणून तर एका दुकानात ४० बसतो आणि शेजारच्यात ४२ लागतो. कुठे ४० म्हणजे सेंटिमीटरमध्ये कॉलर, कुठे इंचात छाती!

आता मुद्द्याचं. या मोजणीतली वयं १५ ते ६५. पहिली ते आठवीची पोरं त्यात नाहीतच. खरी गरज तर त्यांना. पाच-सहा वर्षांच्या मुलाचं डोकं मोठ्या माणसाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पोचलेलं असतं, त्यामुळे टोपी दोन-तीन ईद सहज निघते. शर्ट मात्र वर्षात मनगटाच्या वर चढतो. एकाच वर्गातल्या दोन मुलांत वीतभर फरक असतो.

आणि नेमकं याच मुलांसाठी २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ आलं. कापड राज्यपातळीवर, शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे. पुढचं आपण पेपरात वाचलंच. शाळा सुरू होऊन महिने गेले तरी गणवेश नाहीत, आले ते कुणाला ढगळ, कुणाला तंग. माझ्या मते त्या बायकांना दोष देण्यात अर्थ नाही. पोरगं समोर नसताना कोणताही टेलर तेच करेल. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं.

म्हणजे आपल्या महापालिकेच्या मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू शाळांतही चेंडू आता समितीकडे आहे. कायद्याने या समितीत ७५ टक्के पालक असतात. पुढच्या बैठकीत एवढं विचारा: मापं कोण घेणार, कधी घेणार, शाळेत येऊन घेणार ना? आणि बाजूच्या शिवणीत दोन बोटं माया ठेवायला सांगा, दिवाळीनंतर उसवून सोडता येते.