कुरुंदापासून हँड ग्राइंडरपर्यंत : एका फिरत्या चाकाचा इतिहास

‘जालना सोन्याचा पाळणा’ ही म्हण मराठवाड्यात जुनी आहे. हा भाग तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यापासून वेगळा होऊन १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. व्यापारपेठ म्हणून गावाचे नाव आधीपासून होतेच. पुढे बियाण्यांबरोबर पोलादाने ते दूरवर नेले. इथल्या औद्योगिक वसाहतीत भंगार लोखंड विजेच्या भट्ट्यांत वितळवले जाते आणि ते लाटून बांधकामाच्या सळया तयार होतात. कारखान्यातून निघणारी सळई साधारणपणे १२ मीटर लांबीची असते. घराला लागणारा तुकडा मात्र कधी दोन मीटरचा असतो, तर कधी वीतभर. म्हणून सळईमागोमाग कापण्याचे साधनही बांधकामावर पोचते.

पूर्वी हे काम घण आणि छिन्नीने चाले. एकाने छिन्नी धरायची, दुसऱ्याने घण घालायचा. आता एकच माणूस हातात विजेचा ग्राइंडर धरतो, ठिणग्यांचा फवारा उडतो आणि अर्ध्या मिनिटात सळई दोन होते. जालन्यात, अंबडमध्ये, भोकरदनमध्ये कोणत्याही फॅब्रिकेशनच्या दुकानासमोर हे दृश्य दिसते. यंत्र चालवणारा पुष्कळदा दोन-चार वर्षांपूर्वी आपल्याच वर्गात बसलेला असतो. त्याला यंत्र कसे चालू करायचे ते कोणीतरी दाखवलेले असते. पण त्या पातळ चकतीत काय आहे आणि ती कशाने फुटते, हे क्वचितच कोणी सांगितलेले असते. ते सांगण्यासाठी या चाकाचा इतिहास पाहणे हा चांगला मार्ग आहे, कारण सुरक्षिततेचा प्रत्येक नियम या इतिहासात कुठेतरी जन्मला आहे.

कुरुंद आणि सहाण

लोखंड कापणाऱ्या चकतीतील कण ॲल्युमिनियम ऑक्साइडचे असतात. निसर्गात सापडणाऱ्या याच पदार्थाला आपण कुरुंद म्हणतो. इंग्रजीतील ‘कोरंडम’ हा शब्द तमिळमधील ‘कुरुंदम’ या शब्दावरून गेला, आणि त्याचे नाते संस्कृत ‘कुरुविंद’ शब्दाशी आहे. काठिण्याच्या मोह्ज मापनश्रेणीत कुरुंदाचा क्रमांक ९, हिऱ्याच्या लगेच खाली. कुरुंदाची पूड लाखेत कालवून केलेली चाके भारतातील रत्ने घासणारे कारागीर पूर्वीपासून वापरत आले. कठीण कण आणि त्यांना धरून ठेवणारा बंधक ही आजच्या चकतीची मूळ कल्पना या चाकात पूर्णपणे आहे. कण बोथट झाला की बंधकातून सुटून पडतो आणि खालचा ताजा कण पुढे येतो. म्हणजे हे चाक झिजते म्हणूनच कापते.

युरोपात धार लावण्यासाठी वालुकाश्माची मोठी चाके वापरत. इंग्लंडमधील शेफील्ड शहर चाकू, कात्र्या आणि काटे यांसाठी प्रसिद्ध होते. तिथल्या कामगारांना ‘ग्राइंडरचा दमा’ जडत असे. शेफील्डचे डॉ. नाइट यांनी या रोगाची पाहणी केली होती. कोरड्या चाकावर काम करणारे क्वचितच पस्तिशीपर्यंत पोचतात आणि ओल्या चाकावर काम करणारे क्वचितच पंचेचाळिशी ओलांडतात, अशी त्यांची नोंद एंगेल्सने इंग्लंडच्या कामगारांवरील १८४५ सालच्या पुस्तकात दिली आहे. चाकावर पाणी असणे आणि नसणे यांत माणसाच्या आयुष्याची सुमारे दहा वर्षे सामावलेली होती. १८७० साली इटलीत व्हिस्कोंटी यांनी या रोगाला ‘सिलिकोसिस’ हे नाव दिले. दगडातील सिलिकेची अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसात खोलवर जाते, तिथे व्रण होतात आणि फुप्फुस ताठर बनते. हे व्रण कोणत्याही औषधाने पूर्ववत होत नाहीत.

भट्टीतून आलेले कण

१८९१ साली अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन यांनी चिकणमाती आणि कोक यांच्या मिश्रणातून प्रचंड विद्युतप्रवाह सोडला. हाती आले ते चमकदार, अतिशय कठीण स्फटिक. त्यांत कार्बन आणि कोरंडम असावेत, असे समजून त्यांनी त्याला ‘कार्बोरंडम’ हे नाव दिले. प्रत्यक्षात ते सिलिकॉन कार्बाइड होते. नाव चुकीच्या समजुतीवर ठेवले गेले, तरी तेच रूढ झाले. थोड्याच वर्षांत विजेच्या भट्टीत कृत्रिम ॲल्युमिनियम ऑक्साइडही तयार होऊ लागले. सिलिकॉन कार्बाइड अधिक कठीण. तरीही पोलाद कापायला ॲल्युमिनियम ऑक्साइडच वापरतात, कारण कापताना निर्माण होणाऱ्या उष्णतेत सिलिकॉन कार्बाइडची लोखंडाशी प्रक्रिया होते आणि कण लवकर झिजतात. ‘दगडासाठी’ आणि ‘लोखंडासाठी’ अशा वेगळ्या चकत्या दुकानात मिळतात, त्यामागे हे रसायनशास्त्र आहे.

दुसरी मोठी पायरी बंधकाची. भाजलेल्या मातीचे बंधन ठिसूळ असते. १९०७ साली बेकलंड यांनी बेकेलाइटचा शोध लावला, आणि त्याच जातीच्या फिनॉलिक रेझिनमुळे पातळ, वेगाने फिरणारी चाके शक्य झाली. पुढे त्यांत काचतंतूंची जाळी घातली जाऊ लागली. आजची चकती हातात घेऊन पाहिली तर ही जाळी स्पष्ट दिसते. १९५४ साली जर्मनीतील ॲकरमन आणि श्मिट यांच्या ‘फ्लेक्स’ कंपनीने हातात धरून वापरायचा वेगवान कोन-ग्राइंडर बाजारात आणला. जर्मनीत आजही या यंत्राला लोक ‘फ्लेक्स’ म्हणतात. महाराष्ट्राचाही या इतिहासात वाटा आहे : मुंबईजवळ उरण येथील मोरा इथे १९४१ साली ग्राइंडवेलने ग्राइंडिंग चाकांचे उत्पादन सुरू केले.

चकती का फुटते ?

आता थोडे गणित करू. चार इंची, म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाच्या चकतीचा ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. चकतीच्या कडेचा वेग = π × ०.१ × ११,००० ÷ ६०, म्हणजे सेकंदाला सुमारे ५८ मीटर. ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक. रेझिनच्या अशा चकत्यांवर बहुधा सेकंदाला ८० मीटर ही कमाल मर्यादा छापलेली असते. म्हणजे योग्य चकती योग्य यंत्रावर असेल तर पुरेसा वाव आहे.

पण काही ठिकाणी एक घातक युक्ती केली जाते. छोटी चकती खोलवर पोचत नाही, म्हणून यंत्राचे गार्ड काढून त्याच यंत्रावर सात इंची, म्हणजे १८० मिलिमीटरची चकती बसवतात. फेरे तेच राहतात, पण कडेचा वेग सेकंदाला सुमारे १०४ मीटर होतो. चकतीला फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १०४ ला ८० ने भागून वर्ग केला तर उत्तर १.७ च्या आसपास येते. कमाल मर्यादेला जो ताण असतो, त्याच्या जवळजवळ पावणेदोनपट ताण या चकतीवर आहे. आणि ती फुटली तर तुकडे अडवणारे गार्ड आधीच काढून ठेवलेले आहे ! या मोठ्या चकतीवर कमाल फेरे सुमारे ८,५०० असे छापलेले असते. तो आकडा वाचायची सवय असती, तर युक्ती करण्याआधी हात थांबला असता.

चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीची तारीखही असते. रेझिन दमट हवेत हळूहळू कमजोर होते, म्हणून उत्पादनापासून तीन वर्षांच्या पुढे अशी चकती वापरू नये. पडलेली, टवका उडालेली चकती फेकून द्यावी. नवी चकती बसवताना यंत्राचा प्लग काढलेला असावा, आणि बसवल्यावर यंत्र माणसांपासून दूर धरून मिनिटभर मोकळे फिरवावे. कापायची पातळ चकती आडवी टेकवून घासायलाही वापरू नये. बाजूने येणारा जोर सोसण्यासाठी ती बनवलेलीच नाही.

यंत्र उसळते तेव्हा

दुसरा धोका यंत्र उसळण्याचा. समजा, सळई दोन्ही टोकांना विटांवर ठेवली आणि मध्ये वरून काप घेतला. काप खोल जाईल तशी सळई स्वतःच्या वजनाने मध्ये वाकते, वरची बाजू दाबली जाते, फट मिटते आणि चकती तिच्यात पकडली जाते. चकती अडली की तिची गती यंत्राकडे परत येते आणि यंत्र क्षणार्धात चालवणाऱ्याकडे फेकले जाते. म्हणून सळई कापाच्या एका बाजूला घट्ट धरावी आणि पडणारे टोक अधांतरी ठेवावे. मग वाकताना फट वरून उघडते. हा तुळईच्या वाकण्याचा साधा धडा आहे. यंत्राची बाजूची मूठ काढून टाकलेली नसावी, दोन्ही हात यंत्रावर असावेत आणि शरीर चकतीच्या प्रतलाच्या बाजूला असावे. लाकूड कापण्यासाठी दातेरी पाते या यंत्रावर बसवणे सर्वांत वाईट, कारण दाते लाकडात रुततात आणि उसळी अटळ होते.

ठिणग्या म्हणजे तापून हवेत जळणारे लोखंडाचे कण. त्या चाकाच्या स्पर्शरेषेच्या दिशेने जातात, म्हणून त्या कुठे पडतील हे आधीच ठरवता येते. त्या दिशेला कापूस, कडबा किंवा डिझेलचा पिंप नसावा. रिकामा पिंप भरलेल्यापेक्षाही धोकादायक, कारण त्यात इंधनाची वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते. डोळ्यांवर बाजूने बंद असलेला चष्मा हवाच. गळ्यातला रुमाल, सैल बाह्या आणि ओढणी यंत्रापासून दूर हवीत.

पाटीवरच्या पेन्सिलीची किंमत

तिसरा धोका दिसत नाही. मध्य प्रदेशातील मंदसोर भागात पाटीवरच्या पेन्सिली तयार होत. विजेवर चालणाऱ्या करवतींनी पाटीचा दगड कापला जाई आणि धुळीचे लोट उठत. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने तिथल्या कामगारांची पाहणी केली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक कामगारांना सिलिकोसिस झालेला होता. देशातील लाखो मुलांनी ज्या पेन्सिलीने मुळाक्षरे गिरवली, तिच्यामागे हे होते. शेफील्डचा धडा दीडशे वर्षांपूर्वी लिहिला गेला होता; मंदसोरला तो पोचला नव्हता.

आपल्या दख्खनच्या काळ्या बेसाल्टमध्ये मुक्त सिलिका फारशी नसते. मात्र स्वयंपाकाच्या ओट्याचा ग्रॅनाइट, फरशा, विटा आणि वाळूचे काँक्रीट यांत ती असते. कृत्रिम दगडाच्या ओट्यांत तर ती अनेकदा नऊ-दशांशाच्या आसपास असते. असे ओटे कापणाऱ्या तरुणांना सिलिकोसिस झाल्यामुळे ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या दगडावर बंदी घातली. रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. ती त्याच्या विणीतून सहज जाते. पाण्याची धार किंवा धूळ ओढणारे यंत्र, आणि सोबत योग्य मास्क, हाच उपाय. मात्र पाणी वापरायचे तर यंत्र त्यासाठी बनवलेले हवे आणि विजेच्या जोडणीत गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे ३० मिलिअँपियरचे उपकरण हवे.

कायदा आणि दुकान

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३० ने प्रत्येक ग्राइंडिंग यंत्राजवळ चाकाच्या सुरक्षित वेगाची सूचना लावणे बंधनकारक केले होते. कलम ३५ डोळ्यांच्या संरक्षणाविषयी होते. ब्रिटनने १९७० च्या नियमांत तर चाक बसवणारा माणूस प्रशिक्षित असावा अशी अट घातली. पण मूळ भारतीय कायद्यानुसार विजेवर चालणारा कारखाना म्हणजे दहा किंवा अधिक कामगारांचे ठिकाण. तीन माणसांचे दुकान त्याबाहेर राहिले. चाक मोठ्या कारखान्यातून सुटून हातात आले, रस्त्यावर आले. नियम मात्र कारखान्याच्या भिंतीवरच टांगलेला राहिला.

ही दरी भरून काढण्यात शाळेला वाटा उचलता येईल. सायकल उलटी करून तिचे चाक फिरवा आणि टायरवर थोडे पाणी टाका : थेंब स्पर्शरेषेवरून उडताना दिसतील. एक न वापरलेली चकती वर्गात फिरवा आणि तिच्यावरचा व्यास, कमाल फेरे आणि मुदत मुलांना वाचू द्या. मग कडेचा वेग काढायला सांगा. पट्टीवर खाच पाडून, ती दोन टोकांवर आणि एका टोकावर टेकवून, फट कधी मिटते आणि कधी उघडते ते दाखवा. वर्तुळाचा परीघ, स्पर्शरेषा आणि वेगाचा वर्ग हे सारे आपल्या अभ्यासक्रमात आहेच. ज्याने हे गणित एकदा स्वतः केले आहे, त्याला उद्या दुकानात कोणी गार्ड काढायला सांगितले, तर नाही का म्हणायचे ते त्याला माहीत असेल.