घोयरा सरडा : डोळ्यांचे विकार आणि निगा

घोयरा सरडा (सरडगुहिरा, शॅमेलिऑन, शास्त्रीय नाव कॅमेलिओ झायलॅनिकस) ही भारतात आढळणारी शॅमेलिऑन गटातली एकमेव जाती. १७६८ साली लॉरेंटी या शास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले. द्वीपकल्पीय भारत, श्रीलंका आणि पाकिस्तानचा काही भाग एवढा तिचा पसारा आहे. विदर्भातल्या पानझडी जंगलांत, झुडपी रानांत आणि शेताच्या धुऱ्यांवरच्या झाडांत घोयरा राहतो. दोन्ही बाजूंनी चपटे अंग, डोक्यावर टोपीसारखा उंचवटा, फांदीला विळखा घालणारी शेपूट आणि चिमट्यासारखे पाय यांवरून तो सहज ओळखता येतो. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत त्याची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर भरते. कुंपणावर मान हलवत बसणारा, गळा लाल करणारा आणि चाहूल लागताच सुर्रकन पळणारा तो बागेतला सरडा. तो वेगळा. घोयऱ्याला पळणे जमत नाही; प्रत्येक पाऊल मागेपुढे डोलवत तो टाकतो.

या जातीला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे. तिला पकडणे, पाळणे, विकणे किंवा मारणे हा गुन्हा ठरतो. त्यामुळे ‘पाळीव घोयरा’ कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. तरीही त्याच्या आजारपणाची माहिती लागते, आणि ती दोन कारणांनी. एक, जखमी किंवा अशक्त घोयरा माणसांच्या हाती वारंवार येतो. दोन, येमेन व सौदी अरेबियातला व्हेल्ड शॅमेलिऑन आणि मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन हे परदेशी भाऊबंद आता हौशी लोकांच्या घरांत दिसतात. सगळ्यांच्या डोळ्यांची रचना सारखी असल्याने विकारही बहुतेक सारखेच असतात.

घोयरा माणसांच्या हाती कसा येतो ते चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरात दिसते. ही महाऔष्णिक वीज केंद्राची वसाहत. ताडोबा-अंधारीच्या जंगलाचा शेजार असल्यामुळे तिच्या बातम्या वाघ-बिबट्यांच्या असतात. मेंदीच्या कुंपणातून क्वार्टरच्या अंगणात उतरलेल्या घोयऱ्याची बातमी होत नाही. त्याच्या वाट्याला काठी येते किंवा मुलांचा खोका. तो विषारी आहे, त्याने नजर लावली की अपशकुन होतो, अशा समजुती अजून टिकून आहेत. घोयऱ्याला विष नाही. चिडला तर तो अंग फुगवतो, फुसफुसतो, तोंड उघडून चावाही घेतो. त्यापलीकडे काही करत नाही. अपशकुनाची समजूत बहुधा त्याच्या डोळ्यांवरूनच आली असावी. एक डोळा पुढे आणि दुसरा मागे बघतोय, हे दृश्य पहिल्यांदा पाहणारा दचकतोच.

डोळ्याची रचना : वरची आणि खालची पापणी एकमेकींना जुळलेली असते आणि बारीक खवल्यांच्या कातडीचा शंकू डोळ्याबरोबर फिरतो. उघडी जागा फक्त मधोमध, बाहुलीएवढी. दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरतात आणि प्रत्येक डोळा आडव्या दिशेत सुमारे १८० अंशांचा टापू पाहू शकतो. भक्ष्य दिसले की दोन्ही डोळे त्याच्यावर स्थिरावतात आणि अंगाच्या लांबीहूनही दूर जाणारी जीभ सुटते. तो नेम अंतराच्या अचूक अंदाजावर अवलंबून असतो. माणूस हा अंदाज मुख्यतः दोन डोळ्यांतल्या प्रतिमांच्या फरकावरून घेतो. घोयऱ्याचे कुळ तोच अंदाज कॅमेऱ्याप्रमाणे भिंग जुळवून घेते, म्हणजे प्रत्येक डोळा आपापले अंतर मोजतो. हे १९७७ साली एका डोळ्यापुढे भिंगे लावून केलेल्या प्रयोगांतून दिसले. १९९५ साली असेही आढळले की शॅमेलिऑनचे नेत्रभिंग किरण एकत्र आणण्याऐवजी पांगवते. पृष्ठवंशी प्राण्यांत ही विलक्षण गोष्ट आहे. त्यामुळे पडद्यावरची प्रतिमा मोठी पडते.

या रचनेची किंमत मोजावी लागते ती इथे : पापणीच्या शंकूआत शिरलेला कण सहज बाहेर पडत नाही. धूळ, कात टाकताना सुटलेला पापुद्रा, किड्याचा तुटलेला पाय, काहीही आत अडकू शकते. त्यावर निसर्गाने दिलेला उपाय विचित्र दिसतो. प्राणी डोळ्यामागच्या पोकळीत रक्त भरून शंकू फुगवतो, डोळा आत-बाहेर करतो आणि फांदीवर घासतो. काही मिनिटांत सगळे पूर्ववत होते. कात टाकण्याच्या सुमारासही असे दिसते. नवख्या माणसाला ही सूज वाटते आणि तो औषध आणायला धावतो. क्षणभर फुगून उतरणारा डोळा निरोगी असतो. दुसऱ्या दिवशीही सुजलेला दिसला तर तो आजारी समजावा.

मिटलेला डोळा : एकच लक्षण ध्यानात ठेवायचे तर हे ठेवावे. शॅमेलिऑन रात्री झोपतो. तेव्हा त्याचा रंग फिका पडतो, डोळे मिटतात आणि विजेरीच्या उजेडात तो पानांत पांढुरका चमकतो. दिवसा मात्र तो डोळे मिटत नाही. भर दुपारी एक किंवा दोन्ही डोळे मिटून बसलेला शॅमेलिऑन आजारी असतोच, आणि आजार बहुधा डोळ्यापुरता नसतो. मूत्रपिंडाचा बिघाड, जंत, फुप्फुसाचा संसर्ग, अंडी अडकलेली मादी, तहानेने कोरडे पडलेले शरीर, या सगळ्यांची पहिली खूण डोळ्यावरच दिसते. रानातला प्राणी शिकाऱ्यापासून दुखणे लपवतो. डोळे मिटण्यापर्यंत वेळ आली याचा अर्थ दुखणे बरेच आधीचे आहे. म्हणून नुसते डोळ्याचे थेंब घालत बसणे हा सर्वांत जास्त वेळ वाया घालवणारा उपचार आहे.

खोल गेलेला डोळा पाण्याची कमतरता सांगतो. शॅमेलिऑन वाटीतले पाणी सहसा पीत नाही. साचलेले पाणी त्याच्या लक्षातच येत नाही. पानांवरून ओघळणारे, हलणारे, चमकणारे थेंब तो जिभेने टिपतो. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा काही वर्षी ४७ अंशांच्या पुढे गेला आहे. अशा दिवसांत खोक्यात पाण्याची वाटी ठेवून समाधान मानणारा माणूस प्राण्याला तहानेने मारत असतो. फवारा मारून पाने भिजवावीत, किंवा बारीक भोक पाडलेली बाटली वर टांगून थेंब पडू द्यावेत. फवाऱ्याने डोळे आपोआप धुतले जातात, हा त्याचा दुसरा फायदा. विष्ठेतला पांढरा भाग पिवळा-नारिंगी दिसू लागला तरी पाणी कमी पडते आहे असे समजावे.

जीवनसत्त्व अ : बंदिस्त शॅमेलिऑनच्या डोळ्यांचे जुने आणि हट्टी दुखणे याच्या अभावातून येते. अ जीवनसत्त्व कमी पडले की डोळ्याच्या आतले व अश्रुग्रंथींच्या नळ्यांचे ओलसर अस्तर कोरडे, जाड आणि खवलेदार होते. पापण्या सुजतात, आत पांढरट चिकट थर साचतो आणि त्यावर जंतू वाढतात. पुढे ओठांच्या कडा सुजतात, कात नीट सुटत नाही आणि नेम चुकू लागतो. मूळ कारण आहारात असते. रानात घोयरा नाकतोडे, माश्या, फुलपाखरे, अळ्या, भुंगे असे नाना प्रकार खातो. घरातल्या शॅमेलिऑनला महिनोन्‌महिने एकाच जातीचे किडे मिळतात. किडे खायला देण्याआधी एक दिवस त्यांना हिरवा पाला, गाजर, लाल भोपळा भरवावा, असे सांगतात ते यासाठीच. पण शॅमेलिऑनचे शरीर गाजरातल्या पिवळ्या रंगद्रव्यापासून हे जीवनसत्त्व पुरेसे बनवत नसावे, असा अनेक पशुवैद्यांचा अनुभव आहे. त्यामुळे तयार स्वरूपातले अ जीवनसत्त्वही थोडे द्यावे लागते. ‘थोडे’ या शब्दाला इथे वजन आहे. माणसाची गोळी कुटून देण्याचा उद्योग करू नये. हे जीवनसत्त्व यकृतात साठते आणि जास्त झाले की कातडी सोलून निघते. मात्रा ग्रॅममधल्या वजनावर ठरते; ती पशुवैद्यानेच ठरवावी.

किडे कुठून आणले हाही प्रश्न आहे. राजुरा, कोरपना, वरोरा हा जिल्ह्यातला कापसाचा पट्टा. तिकडच्या फवारलेल्या शेतातला नाकतोडा प्राण्याला देणे म्हणजे विष देणे. काजवे तर कुठलेच देऊ नयेत. काही काजव्यांतले विष सरड्यांना मारक ठरले आहे.

संसर्ग आणि पू : सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट गोळा होतो. त्यामुळे डोळ्याच्या शंकूखालचे गळू शेकून फुटत नाही आणि दाबून वाहत नाही. भूल देऊन ते कापून, खरवडून काढावे लागते आणि पुढे आठवडे प्रतिजैविक चालते. असा संसर्ग पुष्कळदा तोंडातून वर चढतो. डोळ्यातून टाळूकडे जाणारी अश्रुनळी बुजली, किंवा हिरड्या सडू लागल्या, की वरचा डोळा फुगतो. एका बाजूच्या सुजलेल्या डोळ्याचे कारण शोधताना तोंड उघडून पाहणे म्हणूनच आवश्यक आहे. सूज दोन्ही डोळ्यांना असेल तर आहार, दिवा किंवा सर्व शरीराचा आजार यांच्याकडे आधी संशय जावा.

बुबुळावरची जखम नुसत्या डोळ्यांनी दिसेलच असे नाही. फ्लुरेसिन या नारिंगी रंगद्रव्याचा थेंब टाकून निळ्या उजेडात पाहिले की जखम हिरवी चमकते. ही तपासणी झाल्याशिवाय स्टेरॉइड असलेले थेंब घालू नयेत. जखम असेल तर बुबुळाला भोक पडण्यापर्यंत पाळी येते. घरोघरी फ्रिजच्या दारात पडलेल्या डोळ्यांच्या थेंबांच्या बाटल्यांपैकी कित्येकांत स्टेरॉइड असते. गुलाबपाणी, मध, हळद, तुरटी यांतलेही काही डोळ्यात घालू नये. दवाखाना गाठेपर्यंत घरच्या घरी करण्याजोगे एकच आहे : कोमट निर्जंतुक सलाइनचे थेंब सोडून डोळा हलकेच धुणे. चिमटा, काडी, कापूस आत घालायचा नाही.

प्रकाश : अतिनील किरणांवाचून शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम हाडांत बसत नाही आणि प्राण्याला मुडदूस होतो. जबडा रबरासारखा वाकतो, पाय वेडेवाकडे होतात, फांदीवरची पकड सुटते. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन याबाबतीत कुचकामी आहे, कारण काच हे किरण अडवते. दुसरीकडे चुकीचा किंवा फार जवळ लावलेला अतिनील दिवा डोळे भाजतो. नवा दिवा लावल्यावर दोन-तीन दिवसांत दोन्ही डोळे मिटू लागले तर आधी दिवा बंद करावा. चंद्रपुरात ऊन कमी पडण्याची भीती कोणालाच नाही; सकाळचे कोवळे ऊन आणि सोबत दाट पानांची सावली, इतके पुरते. पिंजरा जाळीचा असावा. काचेच्या पेटीत हवा कोंडते, आणि उन्हात ठेवलेली काचेची पेटी भट्टी होते.

धुळीबद्दल स्वतंत्र सांगायला हवे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या मूल्यमापनात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत त्याची गणना झाली. कोळसा आणि राख यांची पूड इथल्या पानांवर बसते हे सांगायला मंडळाची गरज नाही. दोरीवरचे धुतलेले कपडे रोज सांगतात. ज्या प्राण्याच्या डोळ्यात गेलेला कण सहज निघत नाही त्याला ऊर्जानगरच्या गॅलरीत ठेवायचे, तर पाने रोज धुणे आणि सकाळ-संध्याकाळ फवारा मारणे आलेच.

उपचाराची सोय : गाय, बैल, शेळी पाहणाऱ्या तालुक्याच्या दवाखान्याला शॅमेलिऑन दाखवला तर डॉक्टर गोंधळतात, यात त्यांचा दोष नाही. वन्य प्राण्यांसाठी चंद्रपुरात वनविभागाचे वन्यजीव उपचार केंद्र आहे. नागपूर सुमारे १५० किलोमीटरवर. तिथे सेमिनरी हिल्सचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, गोरेवाड्याचे वन्यजीव बचाव केंद्र आणि १९५८ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नेताना प्राण्याला हवेशीर खोक्यात आडवी फांदी द्यावी, खोका झाकावा आणि उन्हात ठेवलेल्या गाडीत सोडून जाऊ नये. औषध शरीरात किती वेगाने काम करील हेही बाहेरच्या तापमानावर ठरते, कारण प्राणी शीतरक्ताचा आहे. म्हणून उपचार चालू असताना त्याला योग्य ऊब मिळणे हा औषधाचाच भाग असतो.

पावसाळ्यात आणि त्यानंतर माद्या अंडी घालण्यासाठी झाडावरून उतरतात, जमीन उकरून त्यात दहा ते तीस अंडी पुरतात. याच दिवसांत त्या रस्त्यावर, कुत्र्यांच्या तोंडी आणि माणसांच्या हाती सापडतात. पोट फुगलेली मादी आजारी समजून खोक्यात ठेवली तर माती न मिळाल्याने अंडी अडकतात आणि ती मरते. रस्ता ओलांडणाऱ्या धडधाकट घोयऱ्याला काठीवर चढवून तो ज्या दिशेला निघाला होता तिकडच्या झाडावर सोडणे, एवढीच मदत त्याला हवी असते. अपघातात एक डोळा गेलेल्या प्राण्याला कायमचा पिंजऱ्यात ठेवावा अशी सूचना दयेपोटी होते, पण ती घाईची आहे. उरलेला डोळा अंतर मोजू शकतो. जखम भरून तो स्वतः शिकार टिपू लागला तर वनविभागाचे पशुवैद्य त्याला सोडण्याचा विचार करू शकतात.

परदेशी शॅमेलिऑन पाळणाऱ्यांनाही मोकळे रान नाही. व्हेल्ड आणि पँथर या दोन्ही जाती आंतरराष्ट्रीय व्यापार करार ‘साइट्स’च्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. २०२२ ची कायद्यातली दुरुस्ती आणि २०२४ चे नोंदणी नियम यांनुसार अशा प्राण्यांची माहिती ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदवावी लागते. विक्रेत्याकडे कागद नसतील तर प्राणी घेऊ नये. देशी घोयरा कोणत्याही कारणाने ताब्यात आला असेल, अगदी जीव वाचवण्यासाठी उचलला असेल, तरी अधिनियमाच्या कलम ३९ नुसार ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. महाराष्ट्र वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.