सोनचाफ्याचे कुळ आणि कोचीचे वैद्य

देवाला सोनचाफा वाहताना त्याचे कुळ कोणते, हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. परंतु त्याच्या शास्त्रीय नावात ‘चंपाका’ हा आपला शब्द कसा आला, याची कथा आमच्या वाचकांस जिव्हाळ्याची वाटेल.

वनस्पतींचे वर्गीकरण आपल्याकडे प्राचीन आहे. चरकसंहितेत त्यांचे चार वर्ग सांगितले आहेत : फुलावाचून फळणारे वनस्पती, फुलून फळणारे वानस्पत्य, पसरणाऱ्या वीरुध आणि फळ पिकताच मरणाऱ्या ओषधी. निघंटुकारांची दृष्टी मुख्यतः गुणांवर होती. वैद्याला रोग बरा करावयाचा होता. त्या दृष्टीने ही मांडणी योग्यच होय.

सोळाव्या शतकातील धर्मच्छळामुळे गोमंतक सोडून अनेक सारस्वत कुटुंबे कोचीस गेली. तेथे डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीडे याने मलबारच्या वनस्पतींचा ग्रंथ आरंभिला. रंग भट, विनायक पंडित व आपू भट हे तीन कोंकणी वैद्य त्याचे साहाय्यक झाले. १६७५ साली त्यांनी नागरी लिपीत लिहून दिलेले कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. ‘होर्तुस मलबारिकुस’ या ग्रंथाचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात आम्सटरडॅम येथे निघाले.

मात्र येथे आपण न्यायाने वागले पाहिजे. इट्टी अच्युतन हे केरळातील एळव समाजाचे वैद्य होते. आपल्या घराण्याच्या पोथ्यांतील ज्ञान त्यांनीही या ग्रंथास दिले, आणि त्यांचा वाटा फार मोठा आहे. आपल्या तिघांचा अभिमान धरताना त्यांचे नाव गाळणे हे आपणांस शोभणारे नाही.

पुढे स्वीडनच्या लिनियसने १७५३ साली वनस्पतींना द्विपदी नावे दिली. पुंकेसरांची संख्या व रचना पाहून त्याने चोवीस वर्ग पाडले. दूरदेशीच्या झाडांसाठी त्याने ऱ्हीडेच्या चित्रांचा व वर्णनांचा आधार घेतला. ‘चंपाका’ हे नाव त्याच वाटेने शास्त्रात आले.

लिनियसची पद्धत सोयीची होती, पण ती नाते सांगणारी नव्हती. कमळ व कुमुद त्याने एकाच प्रजातीत घातली. आज पेशींतील आनुवंशिक द्रव्य तपासून असे ठरले आहे की कमळाचे जवळचे आप्त कुमुद नसून काश्मीरचा चिनार आहे! १९९८ पासून फुलझाडांची कुळे या नव्या कसोटीवर पुन्हा मांडली जात आहेत.

वर्गीकरणे बदलतात. परंतु कोणती वनस्पती कोणती, हे ओळखणारा डोळा नसेल तर कोणतीही पद्धत चालत नाही. त्या वैद्यांचे ज्ञान टिकले ते लिहिले गेले म्हणून. आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना देवळाच्या आवारातील किती झाडांची नावे ठाऊक आहेत, हे आपण विचारून ठेवले आहे काय?