चेतासंस्था आणि शेतशिवारातील विषबाधा

मानवी चेतासंस्था ही शरीराच्या आतील व बाहेरील संवेदना ग्रहण करणारी, त्यांचा अर्थ लावणारी आणि त्यानुसार स्नायू व ग्रंथींकडून कार्य करवून घेणारी संस्था होय. बुलढाणा जिल्ह्यासारख्या कापूस, सोयाबीन व तुरीच्या प्रदेशात या संस्थेवर सर्वाधिक आकस्मिक आघात होतात ते शेतशिवारात. विंचू, नाग, मण्यार आणि फवारणीची काही औषधे ही सर्व विषे चेतासंस्थेच्या एकाच मार्गावर, परंतु निरनिराळ्या ठिकाणी घाव घालतात. त्यामुळे त्यांची लक्षणे व उपचारही निरनिराळे असतात.

संज्ञा

शालेय पाठ्यपुस्तकांत 'चेतासंस्था', मराठी विश्वकोशात 'तंत्रिका तंत्र' आणि सामान्य व्यवहारात 'मज्जासंस्था' असे तीन शब्द रूढ आहेत. यांपैकी 'मज्जा' हा शब्द हाडांतील मगजासाठीही वापरला जात असल्याने 'मज्जासंस्था' ही संज्ञा संदिग्ध ठरते. बोलीभाषेतील 'नस' हा शब्द तर रक्तवाहिनी आणि चेता या दोहोंसाठी चालतो. हा केवळ शब्दांचा घोळ नव्हे. 'विष नसेने चढते' या समजुतीने दंशाच्या वर करकचून दोरी आवळली जाते. विष चेतांमधून वर चढत नाही. ते लसिका व रक्तावाटे पसरते. घट्ट आवळपट्टीने ते खात्रीने थांबत नाही, मात्र रक्तपुरवठा तुटून हात किंवा पाय निकामी होऊ शकतो.

रचना

मेंदू व मेरुरज्जू मिळून मध्यवर्ती चेतासंस्था बनते. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १,३०० ते १,४०० ग्रॅम असून त्यात अंदाजे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. प्रमस्तिष्काकडे विचार, स्मृती, भाषा व ऐच्छिक हालचाली, अनुमस्तिष्काकडे तोल व हालचालींचा सुसूत्रपणा, तर मस्तिष्कपुच्छाकडे श्वसन व हृदयाच्या ठोक्यांचे नियमन असते. मेंदूपासून निघणाऱ्या कर्पर चेतांच्या १२ आणि मेरुरज्जूपासून निघणाऱ्या मेरू चेतांच्या ३१ जोड्या मिळून परिघीय चेतासंस्था होते. मानेतील तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या मेरू चेतांपासून श्वासपटलाकडे जाणारी चेता तयार होते. पुढील विवेचनात तिचे महत्त्व विशेष आहे, कारण श्वास घेण्याचा आदेश तिच्याच वाटेने जातो.

हृदय, आतडी, घाम व लाळेच्या ग्रंथी, डोळ्यांच्या बाहुल्या यांचा कारभार स्वायत्त चेतासंस्था इच्छेविना चालवते. तिचे दोन विभाग आहेत. अनुकंपी विभाग संकटसमयी शरीराला सज्ज करतो. परानुकंपी विभाग ते पूर्वस्थितीत आणतो.

आवेगाचे वहन

चेतापेशीला पेशीकाय, संदेश घेणाऱ्या शाखायुक्त वृक्षिका आणि संदेश पुढे नेणारा लांब अक्षतंतू असतो. विश्रांत अवस्थेत पेशीच्या आतील बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. उद्दीपन होताच पटलातील सोडियमची सूक्ष्म द्वारे उघडतात, सोडियमचे आयन आत शिरतात आणि हा बदल लाटेप्रमाणे पुढे सरकतो. यालाच आवेग म्हणतात. मायलिनचे आवरण असलेल्या जाड तंतूंत आवेगाचा वेग सेकंदाला १०० मीटरहून अधिक असू शकतो, तर आवरण नसलेल्या तंतूंत तो एक-दोन मीटरच असतो. काटा रुतताच पाय आधी मागे येतो आणि बारीक ठणका नंतर जाणवत राहतो, त्यामागे मेरुरज्जूच्या पातळीवरील प्रतिक्षिप्त क्रियेबरोबरच वेगाचा हा फरकही असतो.

चेतासंस्थेला विजेच्या तारांची उपमा नेहमी दिली जाते. ती अक्षतंतूच्या टोकापर्यंतच चालते. टोकाशी तार तुटलेली असते. चेता व स्नायू यांच्यामध्ये सुमारे ५० नॅनोमीटरची फट असून ती विजेने नव्हे, तर रसायनाने ओलांडली जाते. आवेग पोहोचताच चेतेच्या टोकातील सूक्ष्म पिशव्यांतून ॲसिटिलकोलीन हे द्रव्य फटीत सांडते, पलीकडील स्नायूवरच्या ग्राहींना चिकटते आणि स्नायू आकुंचन पावतो. लगेचच कोलिनएस्टरेज हे विकर त्या द्रव्याचे विघटन करते व स्नायू पुढील आदेशासाठी मोकळा होतो. संदेश सुटणे, तो पोहोचणे आणि तो पुसला जाणे या तीन पायऱ्यांपैकी कोणतीही एक बंद पडली तरी श्वास थांबू शकतो.

विंचू

लाल विंचवाचे विष या फटीच्याही अलीकडे, अक्षतंतूवरच कार्य करते. ते सोडियमची द्वारे मिटू देत नाही. परिणामी आवेगांची सरबत्ती होते आणि स्वायत्त चेतासंस्थेत वादळ उठते: दरदरून घाम, लाळ, उलट्या, थंडगार हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि शेवटी फुप्फुसांत पाणी. लहान मुले यात अधिक दगावत. बुलढाण्याला लागून असलेल्या जालना जिल्ह्यातील देहेड येथे जन्मलेले व नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात या दंशाचा दीर्घ अभ्यास केला. रक्तदाबावरील प्राझोसिन हे स्वस्त औषध अनुकंपी विभागाचा हा अतिरेक रोखते, हे त्यांनी रुग्णांवरील उपचारांतून दाखवून दिले. १९८० च्या दशकात 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचे लेखन प्रसिद्ध झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

नाग आणि मण्यार

भारतातील चार प्रमुख विषारी सापांपैकी घोणस व फुरसे यांचे विष मुख्यतः रक्ताच्या गोठण्यावर, तर नाग व मण्यार यांचे चेतासंस्थेवर परिणाम करते. नागाचे चेताविष स्नायूवरील ग्राहींना जाऊन चिकटते. संदेश सुटतो, पण त्याला उतरायला जागा उरत नाही. दंशाच्या जागी सूज व वेदना असल्याने दंश झाला हे सहसा कळते.

मण्यारीचे तसे नाही. ती रात्री फिरते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. सूज जवळजवळ नसते. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या जड होतात, एकाची दोन दिसू लागतात, गिळता येत नाही. हे अपचन समजून वेळ दवडला जातो, तोवर मान ढिली पडते आणि श्वास उथळ होतो. मण्यारीचे विष चेतेच्या टोकालाच इजा करते, त्यामुळे संदेश सुटतच नाही. घाटाखालच्या पूर्णेच्या खोऱ्यात काय किंवा घाटावरच्या चिखली-मेहकरकडे काय, पावसाळ्यात पोटदुखी आणि मिटणाऱ्या पापण्या एकत्र दिसल्या तर खूण सापडली नाही तरी रुग्णालय गाठणे आवश्यक असते.

या दोन्ही दंशांत रुग्ण हालत नाही, बोलत नाही, डोळे उघडत नाही; तरीही त्याचा मेंदू शाबूत असतो. ही विषे मेंदूत शिरत नाहीत. भोवतीचे रडणे, 'आता काही उरले नाही' हे शब्द त्याला ऐकू येत असू शकतात. मृत समजलेला असा रुग्ण कृत्रिम श्वसनावर ठेवल्यास पूर्ण बरा होऊ शकतो.

प्रतिसर्पविष रक्तात मोकळे असलेले विष निकामी करते. इजा झालेली चेताटोके ते दुरुस्त करीत नाही. म्हणून ते लवकर मिळणे निर्णायक ठरते. नागदंशात त्यासोबत निओस्टिग्मिन दिले जाते. हे औषध कोलिनएस्टरेजला काही काळ रोखते, फटीत ॲसिटिलकोलीन साचते आणि ते ग्राहींवर विषाशी स्पर्धा करू शकते. मण्यारीच्या दंशात संदेशद्रव्यच सुटत नसल्याने या औषधाचा उपयोग अल्प होतो. टोके नव्याने वाढेपर्यंत, म्हणजे कित्येक दिवस, श्वसनयंत्राचाच आधार असतो.

फवारणी

जे कोलिनएस्टरेज निओस्टिग्मिन मोजून-मापून रोखते, तेच मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके बेसुमार रोखतात. येथे संदेश पुसलाच जात नाही. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ, अश्रू व घाम वाहतो, छातीत कफ दाटतो, स्नायू फडफडतात आणि अखेर थकून निश्चल होतात. ही विषे गिळावी लागत नाहीत. घामाने भिजलेल्या कातडीतूनही ती आत जातात.

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीला पोहोचल्याने फवारा चेहऱ्यावर येत होता, शिवाय अनेक औषधे एकत्र मिसळली जात होती. त्यानंतर राज्य शासनाने यवतमाळ, अकोला, अमरावती, वाशीम व बुलढाणा या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्री व वापरावर दोन महिन्यांची बंदी घातली. बंदीचा कालावधी फवारणीचा मुख्य हंगाम सरत आल्यावरचा होता, हे येथे नोंदवणे गरजेचे आहे.

बाधा झाल्यास कपडे उतरवून अंग साबण-पाण्याने धुणे ही पहिली पायरी. रुग्णालयात ॲट्रोपीन दिले जाते. ते ग्रंथी, श्वासनलिका व हृदय यांवरील अतिरेक आवरते, परंतु स्नायूंवरील ग्राही वेगळ्या प्रकारचे असल्याने स्नायूंची दुर्बलता त्याने जात नाही. विकर मोकळे करण्यासाठी प्रालिडॉक्झिम वापरतात; विष व विकर यांचे बंधन कालांतराने पक्के होत असल्याने ते उशिरा देऊन फारसा लाभ होत नाही. काही रुग्णांत लाळ व घाम थांबून प्रकृती सुधारल्यासारखी दिसते आणि एक ते चार दिवसांनी मान उचलता येईनाशी होऊन श्वास मंदावतो. त्यामुळे बरे वाटू लागले म्हणून रुग्णाला त्याच संध्याकाळी घरी नेऊ नये. उशीवरून मान उचलता येते का, हे या काळात पुन्हा पुन्हा तपासले जाते.