हौस, हुन्नर आणि व्यवसाय : हमरापूर परिसरातील घरगुती गणेशमूर्तिकलेची वाटचाल

प्रास्ताविक

घरी, फावल्या वेळात, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता जोपासलेल्या कलेला मराठीत 'हौस' असा नेमका शब्द आहे. इतिहासलेखनात मात्र या हौसेला फारसे स्थान मिळालेले नाही. राजाश्रय लाभलेले शिल्पी किंवा कलाशाळांतून बाहेर पडलेले कलावंत यांची दखल घेतली जाते. ओटीवर बसून मातीचा गणपती करणाऱ्याची नोंद सहसा कोठे होत नाही. रायगड जिल्ह्यातील (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) पेण तालुक्यातील हमरापूर आणि त्याच्या परिसरातील जोहे, कळवे, तांबडशेत ही गावे या दृष्टीने अभ्यासनीय आहेत. घरातील हस्तकला व्यवसाय कशी बनते आणि व्यवसाय बनल्यानंतर त्या घराचे काय होते, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पार्थिव पूजा आणि घरची माती

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस पूजिला जाणारा गणपती 'पार्थिव', म्हणजे मातीचा असावा असा संकेत आहे. पूजेपुरती घडवावयाची व नंतर पाण्यात सोडावयाची ही मूर्ती टिकाऊ असण्याची गरजच नव्हती. त्यामुळे ती घडविण्यासाठी पाथरवटाचे किंवा कासाराचे कौशल्य लागत नसे. मळलेली माती, बांबूची किंवा लाकडाची कोरणी आणि हाताचा सराव एवढे पुरे होई. कोकणात यजमानाने आपला पाट मूर्तिकाराकडे नेऊन द्यावा आणि त्याच पाटावर मूर्ती घडवून घ्यावी, ही प्रथा अनेक गावांत आजही आहे. जेथे हे काम चाले त्या जागेस 'गणपतीची चित्रशाळा' म्हणत. शिल्पशाळा न म्हणता चित्रशाळा म्हणणे अर्थपूर्ण आहे, कारण गिऱ्हाइकाची नजर घडणीपेक्षा रंगावर आणि डोळ्यांवर आधी जाते.

१८९३ पासून लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने सार्वजनिक गणेशोत्सवाचा प्रसार झाला आणि मूर्तीची मागणी घराबाहेर पडली. त्याच सुमारास, १८९४ मध्ये, राजा रविवर्मा यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला. देवदेवतांच्या रंगीत तसबिरी मध्यमवर्गीय घरांत पोहोचल्या आणि देव कसा दिसावा याविषयी लोकांची एक समान अपेक्षा तयार झाली. पुढे छायाचित्रे आणि दिनदर्शिका यांनी ती अधिक पक्की केली. लालबागच्या किंवा दगडूशेठ हलवाई गणपतीसारखी हुबेहूब मूर्ती हवी, ही आजची मागणी त्याच प्रवाहातील आहे. छापील प्रतिमेने मूर्तिकाराला नमुना दिला, पण त्याचे स्वातंत्र्यही काही अंशी काढून घेतले, असे म्हणावे लागते.

पेणहून हमरापूरकडे

मूर्तिकलेचे केंद्र म्हणून प्रथम नावारूपास आले ते पेण शहर. भोगावतीच्या काठचे हे गाव मुंबईपासून फार दूर नाही, ही त्याची मोठी सोय होती. मातीची सोय मात्र नव्हती. येथे वापरला जाणारा शाडू प्रामुख्याने गुजरातेतून येतो. स्थानिक मातीमुळे ही कला येथे रुजली असे मानण्यास आधार नाही. ती रुजली बाजारपेठेमुळे आणि हातांमुळे.

हे हात कोठून आले हे पाहिल्यास हमरापूरचे महत्त्व लक्षात येते. पेण तालुक्याचा खाडीलगतचा पट्टा हा खारेपाट. बांध घालून समुद्राच्या पाण्यापासून राखलेल्या खारजमिनीत पावसाळी भाताचे एकच पीक निघते. भात झोडून झाले की पुढच्या पेरणीपर्यंत अनेक महिने माणसे मोकळी असत. मासेमारी, मिठागरे किंवा मुंबईतील मजुरी हे त्यांचे पर्याय होते. पेणच्या कारखान्यांत कामास जाणाऱ्या तरुणांनी साचे भरणे, सफाई करणे, रंग देणे ही कामे आत्मसात केली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपापल्या गावी, स्वतःच्या घरी, पडवीत किंवा अंगणातील मांडवात काम सुरू केले. मुंबई-गोवा महामार्गाचे सान्निध्य त्यांना लाभले. १९८६ मध्ये आपटा-रोहा रेल्वेमार्ग पूर्ण होऊन हमरापूर हे त्यावरील स्थानकही झाले.

येथे एक फरक नोंदविणे आवश्यक आहे. पेणची ख्याती रंगकामाची, विशेषतः डोळ्यांच्या आखणीची. हमरापूर-जोहे परिसराने मोठ्या प्रमाणावर स्वीकारले ते 'कच्च्या' मूर्तींचे काम, म्हणजे साच्यातून काढून सफाई केलेल्या, पण न रंगविलेल्या मूर्ती. त्या घाऊक भावाने परगावच्या कारखानदारांना विकल्या जातात आणि तेथे रंगवून त्यांच्या नावाने बाजारात येतात. साहजिकच हमरापूरचे श्रम महाराष्ट्रभर पोहोचले, नाव तेवढे पोहोचले नाही.

प्लास्टर ऑफ पॅरिसचा शिरकाव

हा विस्तार केवळ शाडूवर शक्य नव्हता. शाडूची मूर्ती जड असते, वाळण्यास अनेक दिवस घेते, घाई केल्यास तडकते. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे सुमारे १५० अंश सेल्सिअसला तापविलेले जिप्सम. त्यातील पाण्याचा तीन चतुर्थांश भाग निघून गेलेला असतो. पुन्हा पाणी मिळताच ते काही मिनिटांत घट्ट होते. काथ्याच्या आधाराने पातळ थराची, आतून पोकळ मूर्ती त्यातून निघते. ती हलकी असते आणि प्रवासात सहसा फुटत नाही. परदेशी बोटीने पाठवावयाच्या मूर्तींसाठी हा गुण निर्णायक ठरला.

याचा परिणाम घराच्या रचनेवर झाला. हंगामी काम बारमाही झाले. एकाच माणसाने मूर्ती आरंभापासून डोळ्यांपर्यंत करावी ही पद्धत मागे पडून साचेवाला, सफाईवाला, रंगारी, आखणीवाला अशी विभागणी झाली. घरातील स्त्रिया सफाई, दागिन्यांचे रंग आणि खड्यांचे काम करू लागल्या. हा त्यांचा सहभाग पुष्कळदा 'घरचे काम' या सदरात मोडतो आणि मजुरीच्या हिशेबात दिसत नाही. या व्यवसायाच्या अभ्यासातील ही सर्वांत मोठी उणीव आहे.

बंदी आणि तिचे पडसाद

जो गुण व्यवसायास तारक ठरला तोच जलाशयांस मारक ठरला. घट्ट झालेले प्लास्टर पुन्हा जिप्समच होते आणि ते पाण्यात अत्यल्प विरघळते. विसर्जनानंतरचे अवशेष तसेच राहतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये विसर्जनाविषयी मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि मे २०२० च्या सुधारित तत्त्वांत प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी घातली. त्याच वर्षी महामारीमुळे राज्य शासनाने सार्वजनिक मूर्तीस ४ फूट आणि घरगुती मूर्तीस २ फूट अशी उंचीची मर्यादा घातली होती. बंदीची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. ३० जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिच्या काटेकोर पालनाचे आदेश दिले, तेव्हा कारखान्यांत मूर्तींची तयारी बरीच पुढे गेलेली होती. ९ जून २०२५ रोजी न्यायालयाने मूर्ती घडविण्यास व विकण्यास मुभा दिली, परंतु नैसर्गिक जलाशयांत त्यांचे विसर्जन करण्यास मनाई केली. त्या वर्षीची गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती; म्हणजे हंगामाचे निर्णायक महिने अनिश्चिततेत गेले.

पर्यावरणाची हानी खरी आहे. तिच्याविषयी वाद घालण्याचे कारण नाही. तथापि 'मूर्तिकारांनी शाडूकडे वळावे' हा उपदेश वाटतो तितका सोपा नाही. शहरांत शाडूच्या मूर्ती घरी घडविण्याच्या कार्यशाळा आता लोकप्रिय झाल्या आहेत. माती, साचा व रंग असा संच विकत मिळतो आणि कुटुंबे हौसेने आपला गणपती आपण करतात. एका अर्थी पार्थिव पूजेची जुनी रीत परतली आहे. मात्र एका घरात एक मूर्ती करणे आणि एका घरात हजार मूर्ती करणे यांचे गणित वेगळे. आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत शाडू लवकर वाळत नाही. त्यामुळे काम उन्हाळ्यातच उरकावे लागते, वाळलेल्या मूर्ती चतुर्थीपर्यंत ओलीपासून जपाव्या लागतात आणि तितकी कोरडी जागा पडवीत नसते. मूर्ती जड झाली की वाहतूक महागते आणि फूटही वाढते. कच्च्या मूर्तीच्या घाऊक भावात ही नुकसानी सामावत नाही, आणि ती सोसावी लागते ती साखळीत सर्वांत कमी मोबदला घेणाऱ्या हमरापूरच्या कारागिराला.